न आकसणारा चेहरा

१

तीबिओसने सकाळपासून चाकावर काढलेले बारा काठ एकाही डोक्यावर बसेनात. तिथून हे सुरू झालं.

आम्ही डोक्याचे पेले करतो. अथेन्सच्या कुंभारवाड्यात असे पेले करणारी चार-पाच घरं आहेत, त्यातलं वेशीजवळचं आमचं. कधी दाढीवाल्या देवाचं डोकं, कधी घोड्याच्या कानांच्या वनपुरुषाचं, बहुतेक वेळा बाईचं. बाईला गिऱ्हाईक जास्त. चेहरा साच्यात ओली माती दाबून काढायचा, मागचे केस दुसऱ्या साच्यातून, दोन्ही अर्धी जोडायची आणि टाळूच्या जागी चाकावर काढलेला काठ बसवायचा. मागे धरायला कडी. टाळू नसलेलं डोकं हातात धरून दारू पिण्यात पुरुषांना काय गंमत वाटते, हे मी तीस वर्षांत कुणाला विचारलेलं नाही. माझं काम डोळे रंगवायचं आणि भट्टी सांभाळायचं.

तीबिओस आमचा चाकावरचा माणूस. काळ्या समुद्रापलीकडून विकायला आणलेला, माझ्या सासऱ्याने घेतलेला, आणि घरात सगळ्यांत म्हातारा. पूर्वी तो डोकं समोर ठेवायचा, एकदा बघायचा आणि काठ काढायचा, मापाबिपाची भानगड नाही. त्या वर्षी त्याच्या डोळ्यांवर पडदा आला. म्हणून माझ्या नवऱ्याने, तेलेसियसने, त्याला खाचा पाडलेली काठी करून दिली. ह्या खाचेएवढा काठ काढ, बास.

खाच कुठे पाडायची हे कुंभाराच्या घरात शेंबडं पोरही सांगेल. माती वाळताना आकसते, भाजताना आणखी आकसते. साचा झिजला की खरं तर चेहरा नव्याने घडवायला हवा. पण तेलेसियसला पहिल्यापासून कामाचा कंटाळा, तो तयार पेल्यावरूनच पुढचा साचा घेतो. त्यातून निघालेला पेला आधीच्यापेक्षा बोटभर लहान. त्याच्यावरून पुढचा, तो आणखी बोटभर लहान. सध्या आम्ही एका मुलीचं डोकं करत होतो, तिच्या चेहऱ्याचा हा चौथा साचा. म्हणजे डोकं पहिल्यापेक्षा तीन बोटं लहान, आणि काठ त्या मापाचा.

तेलेसियस म्हाताऱ्यावर घसरला. एक काठी नीट धरता येत नाही म्हणाला, आणि बरंच काही म्हणाला.

"मालक, काठी तुमची, साचा तुमचा," तीबिओस म्हणाला. "मी नुसता चिखल फिरवतो."

मी काठी घेतली आणि काठ मोजले. काठ बरोबर होते. मग डोकी मोजली. ती मोठी होती.

२

प्रत्येक साच्यातला पहिला पेला आम्ही विकत नाही. दारावरच्या फळीवर ठेवतो. सासऱ्याच्या वेळेपासून तशी रीत आहे, म्हणजे पुढे कुणी नक्कल केली तर दाखवता येतं. दुपारी तेलेसियस बाजारात गेल्यावर मी तिथून ह्या मुलीचे तीन पेले उतरवले, झटकले आणि नव्या डोक्याशेजारी ओळीने मांडले.

डावीकडून उजवीकडे ते लहान होत जायला हवे होते. ते मोठे होत गेले होते. फार नाही. पहिला आणि चौथा ह्यांत अर्ध्या बोटाचा फरक. आणि चौथा तर अजून कच्चा होता, भाजल्यावर आकसेल म्हणून मी मनाला समजावलं. पण दुसरा आणि तिसरा भाजलेले होते, आणि तेही पहिल्याहून मोठे.

आता तुम्ही म्हणाल, इतकी वर्षं डोळे रंगवलेस, तुला दिसलं कसं नाही? डोळे रंगवणारीला चेहरा दिसत नाही. पापणीची रेघ, बुबुळ, भुवई, पुढचा. दिवसाला वीस. मी त्या दिवशी पहिल्यांदा हात न चालवता बघत बसले.

पहिला पेला पाच वर्षांपूर्वीचा. गोल गाल, आखूड हनुवटी, नऊ-दहा वर्षांची पोर. दुसऱ्यात गाल उतरलेले. तिसऱ्यात मान लांब. चौथ्यात ती बाई झाली होती, पंधराएक वर्षांची, पण थकलेली. झिजलेल्या साच्यातून चेहरा उलट गुळगुळीत निघतो. खळगे बुजतात, वय कमी होतं. वय वाढवणारा साचा मी पाहिलेला नाही.

आणि चौथ्यात केस डाव्या कानावरून मागे सरले होते. तेलेसियस सगळ्या डोक्यांना एकच कान काढतो, दोन वळणं आणि भोक, त्याला दुसरा येतच नाही. हा कान वरच्या कडेला मुडपलेला होता, आत दुमडून चिकटल्यासारखा.

मी हात वर नेला आणि माझा डावा कान चाचपला.

३

माझ्या आईचा कान तसा होता. माझा तसा आहे. माझ्या दोन्ही मुलींचे सरळ होते, बापावर गेलेले. तिसरीचा तसा होता.

तिसरी चार दिवस माझ्याजवळ होती. पाचव्या दिवशी बाप मुलाला उचलून चुलीभोवती फिरवतो, तेव्हा ते मूल घरचं होतं. तेलेसियसने पाचवा दिवस येऊच दिला नाही. आधीच दोन मुली होत्या, तिसरीला काय देऊन उजवायचं, असं म्हणाला. रडला नाही, ओरडला नाही. भांड्यांच्या मांडवात गेला आणि एक मध्यम आकाराची हंडी घेऊन आला. आमच्याच घरची, तीबिओसने काढलेली. लोक पोर टाकायला आमच्याकडूनच हंड्या नेतात, रुंद तोंडाची लागते, मांडीवर घेतल्यासारखं मूल बसतं. मी लोकर घातली. हे सांगायला मला लाज वाटते, पण तीबिओसच्या हातची हंडी आहे, कड गुळगुळीत असेल, पोरीला टोचणार नाही, असंही माझ्या मनात आलं.

सरळ कानांच्या दोघी पुढे एकाच हिवाळ्यात तापाने गेल्या. तेव्हापासून घरात आम्ही तिघंच.

त्या दुपारी मी स्वतःला पुष्कळ ऐकवलं. ओली माती आहे, जोडताना कुणाचं बोट लागलं, कान मुडपला. साच्यात खडा अडकला असेल. म्हणून मी साचा घेतला, पाण्याने धुतला, उन्हाकडे करून आत पाहिला. बोट फिरवलं. कानाच्या जागी दोन वळणं आणि भोक. तेलेसियसचा नेहमीचा कान.

माती मळली, साच्यात दाबली, थोडी सुटू दिली, काढली. मुडपलेला कान. आणि आता एक नवीन होतं. दोन्ही गालांवरून, तोंडाच्या कोपऱ्यापासून कानापर्यंत, एक आडवी बारीक खाच. पट्टा बांधून सोडल्यावर कातडीवर राहते तशी.

पुन्हा साच्यात पाहिलं. गाल साफ होते.

मी तीबिओसला हाक मारली. काही सांगितलं नाही, फक्त साचा आणि मातीचा गोळा त्याच्या हातात दिला. त्याने आधी साच्यात अंगठा फिरवला, सवयीने. माती दाबली, काढली, आणि आंधळ्यासारखा चेहरा चाचपत बसला. बराच वेळ बसला.

"बाई, आत हे नाहीये," तो म्हणाला. मग त्याने चेहरा खाली ठेवला आणि हात पंचाला पुसले, एकेक बोट, काहीतरी चिकटल्यासारखं.

४

गालावरची रेघ कसली हे दोरिओनने सांगितलं. तो गलबतवाला. आमचे पेले पश्चिमेकडच्या तिऱ्हेनी लोकांकडे नेतो. तिकडचे लोक ते म्हणे प्रेताच्या उशाशी ठेवतात, आमच्यासारखे फोडत नाहीत. समुद्र खवळायच्या आत त्याला शेवटची खेप न्यायची होती, म्हणून वीस डोकी कुठवर आली ते बघायला तो आठवड्याने आला, तोवर मोठे काठ बसवून, लेप देऊन डोकी वाळली होती आणि सगळ्यांच्या गालांवर ती रेघ होती.

त्याने एक उचलला, हसला, आणि माझ्या नवऱ्याच्या पाठीत थाप मारली.

"अरे तेलेसियस, तू पिरायसला कधीपासून जायला लागलास? आणि वहिनींना पत्ता नाही?"

तेलेसियसने विचारलं काय झालं. दोरिओन म्हणाला, ही तर ओपोरा. बंदरावर मीठवाल्यांच्या गल्लीत एक घर आहे, बासरीवाल्या मुली भाड्याने देतात. त्यांतली ही. बैठकीला बोलावतात, जोडपावा वाजवते. इतर पोरी वाजवून झाल्या की बसतात, हिला बैठक उठेपर्यंत वाजवायला लावतात, म्हणून मालकाने गालांवरून पुरुषांसारखा पट्टा बांधलाय, फुगून फुगून गाल फाटू नयेत. त्याचा वळ आहे हा. कानसुद्धा अगदी तोच उतरवलाय.

"मागच्याच बैठकीत ऐकली," तो म्हणाला. "पण आता दम राहिला नाही पोरीत. मधेच खोकते."

तो पेला कलंडून बघत होता, पिताना धरतात तसा. मला एकदम सुचलं की इतकी वर्षं हे पेले कुठे कुठे गेले असतील. पिरायसच्या बैठकीतही गेले असतील. ती कोपऱ्यात उभी राहून वाजवत असेल आणि समोर माणसं तिचंच डोकं तोंडाला लावून पीत असतील. कुणाच्या लक्षात आलं असेल का? हसले असतील का? मी उठून आत गेले.

तिला नाव होतं. दहाव्या दिवशी ठेवतात, ते कुणीतरी ठेवलं होतं. ओपोरा म्हणजे फळांचे दिवस.

५

दोरिओन गेल्यावर मी तेलेसियसला गाठलं. तो मातीच्या हौदाशी उकिडवा बसला होता. मी विचारलं, तिला कधीपासून बघताय.

"कुणाला?"

"पिरायसला जाऊन तिचा चेहरा बघून घडवताय. मला सांगायचं तरी होतं. मी काय तुम्हाला खाल्लं असतं?"

तो म्हणाला, मी बंदरावर गेल्याला सहा वर्षं झाली. म्हणाला, पहिला चेहरा मी मनाने घडवला, कुणाचाच नाही, एक पोर म्हणून. त्यानंतर हात लावलेला नाही, साच्यावरून साचा. माझा नवरा खोटं बोलताना डावीकडे बघतो. तो माझ्याकडे बघत होता.

मग मी विचारलं, जे पंधरा वर्षांत विचारलं नव्हतं. हंडी कुठे ठेवली होती?

टेकडीच्या वाटेवर, ऑलिव्हच्या झाडाखाली, म्हणाला. लोकांची ये-जा असते तिथे, कुणी घेतलं तर घेतलं. संध्याकाळी परत गेलो. हंडी होती. रिकामी.

"मला वाटलं कुत्री," तो म्हणाला. "पण रक्त नव्हतं."

"हे तुम्ही मला सांगितलं नाहीत."

"काय सांगायचं होतं?"

"रक्त नव्हतं, एवढं."

मी विचारलं, त्या हंडीचं काय केलं. तेव्हा त्याने पहिल्यांदा मान फिरवली. हंडी घरी आणली होती. चांगली हंडी, एक टवकाही उडालेला नाही, टाकून कशी द्यायची? पण विकवेना. दहा वर्षं मांडवात मागे पालथी पडून होती. मी कितीदा तिच्यावर फडका टाकला असेल. मग पाच वर्षांपूर्वी नवीन चेहऱ्याचा साचा करायला घेतला, तेव्हा खापरीचा भुगा कमी पडला.

हे तुम्हाला सांगायला हवं. साच्याच्या मातीत भाजलेल्या खापराचा भुगा घालतात, म्हणजे साचा तडकत नाही. फुटकी, वाया गेलेली भांडी त्यासाठीच ठेवतात. कुंभाराच्या घरातून काही बाहेर जात नाही. आणि साचा झिजला की तोही कुटून पुढच्या साच्यात जातो. पहिल्यातला दुसऱ्यात, दुसऱ्यातला तिसऱ्यात.

"तीच कुटली," तेलेसियस म्हणाला. "हाताशी होती."

६

मी पिरायसला निघणार होते. उद्या सकाळी, बंदरापर्यंत जाणाऱ्या दोन लांब तटांमधल्या रस्त्याने, पायी. ठरलं होतं. जाऊन काय करायचं ते ठरलं नव्हतं. सोडवून आणायचं, की नुसतं दारात उभं राहून कान बघायचा.

पण भट्टी भरून तयार होती. आणि भट्टीवर मी नसले तर चालत नाही, हे कुंभारवाड्यात कुणालाही विचारा. आधी हवा देऊन सगळं लाल करायचं, मग ओला पाला घालून झरोके बंद करायचे की सगळं काळं पडतं, मग पुन्हा हवा. लेप दिलेला भाग काळाच राहतो, बाकीचा लाल होतो. पुन्हा हवा केव्हा द्यायची तो क्षण ओळखता आला पाहिजे. जरा घाई झाली तर केसही लाल, जरा उशीर झाला तर तोंडही काळं. तेलेसियसला ते जमत नाही, तीबिओसला आता दिसत नाही. माझी नजर चुकत नाही.

"पंधरा वर्षं तिकडेच आहे ती," तेलेसियस म्हणाला. "दोरिओनचं गलबत थांबणार नाही. एवढी भट्टी काढ आणि जा. दोन दिवसांनी काय फरक पडणार आहे?"

त्याने मला बांधून ठेवलं नव्हतं. हे मी स्पष्टच सांगते, नाहीतर सगळा दोष त्याच्या पदरात टाकून मोकळी होईन, आणि ते मला फार सोपं आहे. मी जाऊ शकत होते. मला भीती वाटत होती, हे एक. आणि दुसरं, ती वीस डोकी तेलेसियसने लाल-काळी डागाळून काढली असती आणि शेजारच्या भट्ट्यांवरचे लोक हसले असते, हे मला सहन झालं नसतं. मी पोरीला चार दिवसांची असताना जाऊ दिलं, आणि पंधरा वर्षांची असताना माझं काम नासू नये म्हणून थांबले.

पहाटे भट्टी पेटवली. दृष्ट लागू नये म्हणून तोंडाशी कुरूप मुखवटा टांगला. डोकी मी स्वतः रचली होती, सगळ्यांची तोंडं मागच्या भिंतीकडे, ज्वाळेचा पहिला मारा केसांवर यावा म्हणून.

भट्टी वाजते. हवा ओढली जाते तेव्हा झरोक्यांत घुमते, त्यात नवल काही नाही. पण त्या दिवशी दोन सूर होते. एक खालचा, सरळ धरलेला, आणि त्याच्यावर दुसरा, चढणारा-उतरणारा. जोडपाव्यात असतात तसे. तीबिओस लाकडं टाकता टाकता थांबला आणि डोकं तिरपं करून ऐकू लागला. मी म्हटलं, झरोक्याची वीट हलली असेल. तो म्हणाला, असेल. मधे मधे सूर तुटत होता. तुटायचा, थोडा वेळ नुसती आग, मग पुन्हा धरायचा.

मध्यान्हीला तो तुटला आणि परत आला नाही. झरोके उघडे होते, आग तशीच होती. मी अजून काहीच बंद केलं नव्हतं.

रंग तपासायला आत ठेवलेला पारखीचा तुकडा ओढायला मी बघायच्या भोकाचं बूच काढलं आणि आत पाहिलं. आत सगळं एकाच रंगाचं होतं, पांढरट लाल, त्या झळीत कडा हलतात, पाण्याखालून पाहावं तशा. भोकाच्या अगदी समोर एक चेहरा होता. भोकाकडे तोंड करून. मी उघडे डोळे रंगवलेले होते. त्याचे मिटलेले होते.

बूच परत घातलं. मग हात आपोआप पुढची कामं करत राहिले. ओला पाला, झरोके बंद, मोजणं, पुन्हा हवा. माझी नजर चुकली नाही.

७

भट्टी निवायला दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंतचा वेळ लागला. तेलेसियसने भट्टीचं तोंड फोडलं आणि त्याच्या तोंडून 'वा!' निघालं. इतकं चांगलं भाजलेलं काम आमच्या भट्टीतून क्वचित निघालं असेल. केस तेलकट काळे, चेहरे एकसारखे लाल, एक डाग नाही. सगळी डोकी मी रचली तशीच होती, तोंडं भिंतीकडे. मी पहिलं उचललं आणि फिरवलं.

भुवया काळ्या होत्या, पापणीची रेघ काळी. बुबुळं काळी झालीच नव्हती. तोच लेप, तोच कुंचला, त्याच दिवशी लावलेला. बुबुळांच्या जागी नुसती लाल माती, त्यामुळे वरून खाली सलग पापणी ओढलेली वाटत होती. वीसच्या वीस.

गालांवरची आडवी रेघ गेली होती. त्याऐवजी दुसरी होती. हनुवटीच्या खालून निघून, दोन्ही कानांच्या पुढून, वर केसांत गेलेली. तोंड घट्ट मिटलेलं.

आमच्यात माणूस गेलं की जबडा पडू नये म्हणून हनुवटीखालून पट्टी बांधतात, ती डोक्यावर गाठ मारतात. मी आईला बांधली होती. दोन्ही मुलींना बांधली होती. तो वळ मला कुणी सांगायला नको होता.

तेलेसियस म्हणाला, डोळे थोडे फिके आलेत, पण दोरिओन काही बोलणार नाही, तिकडच्या लोकांना चालतं.

८

मीठवाल्यांच्या गल्लीत घर शोधावं लागलं नाही. ज्या घरात कुणी गेलेलं असतं त्याच्या दाराबाहेर दुसऱ्या घरून आणलेल्या पाण्याचं भांडं ठेवतात, बाहेर पडणाऱ्याने हात धुवावेत म्हणून. गल्लीत एकाच दाराशी भांडं होतं. साधी हंडी, रुंद तोंडाची.

आत एक म्हातारी केर काढत होती. हातांवर जुने डाग दिलेले, म्हणजे तीही विकत घेतलेलीच. मी दारात उभी राहिले. आतल्या खोलीत खाट दिसत होती, रीतीप्रमाणे पाय दाराकडे. तळवे लहान होते आणि एका टाचेला भेग होती.

म्हातारीने विचारलं, हिशेबाला आलात का, मालक बाहेर गेलाय. मी नाही म्हटलं. मी विचारलं, कधी.

"परवा, दुपारी. भर मध्यान्हीला. दोन दिवस श्वास पुरत नव्हता, तरी त्या दिवशी सकाळी रात्री कुणाच्या तरी घरी बैठक होती म्हणून सरावाला पावा तोंडाला लावायला लावलाच. वाजवता वाजवता थांबायची, परत धरायची. मग थांबली ती थांबलीच."

म्हातारी केरसुणी टेकवून बोलत राहिली, कुणी ऐकायला मिळालं म्हणून असेल. हंडीत सापडलेली पोर, म्हणाली, फळांच्या दिवसांत, टेकडीच्या वाटेवर. लोकरीत गुंडाळलेली होती, हंडीची कड नीट गुळगुळीत होती, कुठे खरचटलंसुद्धा नव्हतं. मीच उचलली. दूध तेवढं दुसरीचं पाजलं.

"पट्टी कुणी बांधली?" मी विचारलं.

"मीच. दुसरं कोण आहे तिला?" मग तिने मला नीट पाहिलं. "तुम्ही तिच्या कोण?"

एका शब्दाचं उत्तर होतं. मी ते तोंडात धरलं आणि बाहेर आलं ते दुसरंच.

"मी पेले करते," मी म्हणाले.

तिने आपल्या केसांवरून हात फिरवला आणि मला आत बोलावलं, बघा म्हणाली. मी गेले. केस धुऊन मागे घेतले होते. डावा कान उघडा होता. एवढंच सांगते. बाहेर पडताना त्या हंडीतलं पाणी हातांवर घेतलं, रीतीप्रमाणे, आणि तटांमधल्या रस्त्याला लागले. माझ्या पोरीशेजारी कुणीतरी होतं, शेवटपर्यंत होतं, जबडा बांधायलाही होतं. हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. मला त्या म्हातारीचा इतका हेवा वाटला की मधे दोनदा रस्त्याच्या कडेला बसावं लागलं.

९

दोरिओन वीसच्या वीस घेऊन गेला. तिकडे चांगले खपले म्हणाला, पुढल्या वर्षी आणखी दे.

म्हणून पुढचा साचा घेतला. चौथा कुटून पाचव्यात घातला, तो मीच कुटला. पेला निघाला तो आधीच्यापेक्षा बोटभर लहान. त्यापुढचा आणखी बोटभर. आता कुठे गडबड नाही. तीबिओसला आता काहीच दिसत नाही, पण काठीच्या खाचेवर काढलेले त्याचे काठ पहिल्या फटक्यात बसतात. तेलेसियस म्हणतो, बघ, काठीच बरोबर होती.

चेहरा झिजत चाललाय. आधी हनुवटीखालचा वळ गेला. मग गाल भरले. नाक बसकं झालं. दर वर्षी थोडं वय कमी होतं, झिजलेल्या साच्यात होतं तसं. डावा कान तेवढा मुडपलेला आहे. डोळ्यांना मी आता बुबुळं काढत नाही, भाजल्यावर राहत नाहीत.

तेलेसियस म्हणतो, पुरे झालं, आता हे इतके लहान झालेत की एक घोट दारूही मावत नाही, कुणी घेणार नाही, नवीन चेहरा घडवतो. मी त्याला हात लावू देत नाही. आणखी दोन साचे. मी मोजलंय. आणखी दोन साच्यांनी डोकं माझ्या तळहातात मावेल, चौथ्या दिवशी मावत होतं तेवढं.

त्याच्या पुढचा साचा मी घेणार नाही. पाचव्या दिवसाचं मला माहीत नाही.